खाडीतले ३६ लायनर आणि बार्जवरचा जीएनएसएस : सहा महिन्यांची हकीकत

२२ एप्रिल २०२५ ला आमचा छत्तिसावा, म्हणजे शेवटचा लायनर खडकाला टेकला. काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीतल्या प्रवासी जेट्टीचं. मी डिप्लोमा सिव्हिल. अकरा वर्षं सर्व्हे केला तो रस्त्यांचा आणि कालव्यांचा. पाण्यावर उभं राहून मोजमाप पहिल्यांदाच केलं. ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली तेव्हा कुणाला काय विचारायचं तेही कळत नव्हतं. पुढे ज्यांच्या वाट्याला असं काम येईल त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहून ठेवते आहे.

आधी काम काय होतं ते सांगते. आमच्याकडे जेट्टीचे पाईल, म्हणजे जेट्टी ज्यांवर उभी राहते ते काँक्रीटचे खांब, सहसा असे होतात : १००० मिमी व्यासाची लोखंडी नळी, म्हणजे लायनर, क्रेनने उभी करायची, व्हायब्रो हॅमरने, म्हणजे थरथरवून रोवणाऱ्या यंत्राने, गाळातून खाली न्यायची, झिजलेल्या खडकाला टेकली की आतून बोअर मारायचा, पिंजरा सोडायचा आणि काँक्रीट भरायचं. म्हणजे पाईल नक्की कुठे येणार हे लायनरच ठरवतो. आयएस २९११ या पाईलच्या भारतीय मानकाप्रमाणे ६०० मिमीपेक्षा मोठ्या पाईलला जागेत ७५ मिमी किंवा व्यासाचा दहावा भाग, यातलं जे जास्त असेल तेवढी सूट असते, म्हणजे आमच्यासाठी १०० मिमी. ओळंब्यातली सूट दीड टक्का. ऐकायला भरपूर वाटते. पण अठरा मीटर लांब, साडेतीन टन वजनाची नळी वाहत्या पाण्यात तरंगत्या बार्जवरून रोवायची असते तेव्हा १०० मिमी हातातून कधी निसटले ते समजतही नाही. आणि गाळात तीनेक मीटर गेलेला लायनर मग कुणाचं ऐकत नाही. तो उपसून पुन्हा रोवायचा तर अख्खी भरती-ओहोटी जाते. आमच्या संपूर्ण सर्व्हेचा महिन्याचा खर्च बार्ज-क्रेनच्या दोन दिवसांच्या भाड्याहून कमी होता, यावरून हिशोब करा.

आमच्या ठेकेदारांनी आधीच्या हंगामात दुसरीकडे किनाऱ्यावर टोटल स्टेशन, म्हणजे दुर्बिणीने कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावून हेच काम केलं होतं आणि दोन पाईल बाहेर गेले होते. सकाळी खाडीवर धुकं, दुपारी पाण्यावरून येणारी झळ, आणि ऐन वेळी क्रेन आडवी. म्हणून १४ ऑक्टोबरला साहेबांनी बोलावून सांगितलं, यंदा उपग्रहावरून, म्हणजे जीएनएसएसने, करायचं, तू बघ. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे खरं आहे.

कागद

पहिला महिना नुसत्या कागदांत गेला. मेथड स्टेटमेंट, म्हणजे काम कसं करणार त्याचा लेखी आराखडा, १७ ऑक्टोबरला सल्लागारांकडे दिलं. ते ११ शेऱ्यांसह परत आलं, दुसऱ्यांदा ४ शेऱ्यांसह, आणि ९ नोव्हेंबरला मंजूर झालं. मुख्य शेरा एकच होता : यंत्र चुकलं तर तुम्हाला कळणार कसं? तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या कागदांत तोच एक प्रश्न कामाचा होता. आम्ही लिहून दिलं की प्रत्येक पाचवा लायनर किनाऱ्यावरून टोटल स्टेशनने स्वतंत्रपणे तपासू. या एका ओळीने पुढे आम्हाला वाचवलं, ते येईलच.

यंत्रं भाड्याने घेतली. एक बेस (ठरलेल्या जागी बसून दुरुस्तीचा डेटा पाठवणारं यंत्र) आणि दोन अँटेना चालवणारा बार्जवरचा रिसिव्हर, शिवाय एक हातातला रोव्हर (फिरतं मापयंत्र), मिळून महिन्याला ३८ हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र चालू तारखेचं आहे ना, हे यंत्र ताब्यात घेण्याआधी बघा. आमच्या रोव्हरचं संपलेलं होतं. नवं करून यायला नऊ दिवस आणि साडेचार हजार रुपये गेले.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स सेवेवर नोंदणी केली. ही देशभर पसरलेली कायमस्वरूपी बेस स्टेशनं आहेत. भूमी अभिलेखचे मोजणीदार हल्ली रोव्हर घेऊन येतात ते याच जाळ्यावर चालतात. इंटरनेट असेल तर स्वतःचा बेस लागतच नाही. पण खाडीच्या तोंडाशी मोबाईलला रेंज कधी असे, कधी नसे, आणि हॅमर चालू असताना दुरुस्तीचा डेटा तुटणं आम्हाला परवडणार नव्हतं. म्हणून स्वतःचा बेस टेकडीवर लावायचा ठरला.

टेकडीवरची सपाट, उघडी जागा म्हणजे देवळाचं आवार. ग्रामपंचायतीला अर्ज, सोबत नकाशा आणि कामाच्या आदेशाची प्रत दिली. मासिक सभेत विषय आला आणि बाराव्या दिवशी ना हरकत दाखला हातात पडला. सरपंचांनी एकच विचारलं, याच्यातून काही किरणं बिरणं येतात का? मी त्यांना बेस उघडून दाखवला आणि सांगितलं की अँटेना फक्त ऐकते. रेडिओ मात्र बोलतो, पण त्याची ताकद वॉकीटॉकीएवढी. त्यांनी ते सभेत जसंच्या तसं सांगितलं. लोकांना आधीच समजावून सांगितल्यामुळे सहा महिन्यांत त्या तिपाईला कुणी हात लावला नाही.

रेडिओवरून आठवलं. बेससोबत जे मोठे बाहेरचे रेडिओ मिळतात ते बहुतेक ४१० ते ४७० मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर करायचा असतो. आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या ताकदीपर्यंत परवानामुक्त आहे, तिथला छोटा रेडिओ घेतला. टेकडीपासून बार्ज दीड किलोमीटर, मध्ये आडोसा नाही, त्यामुळे काम झालं. भाड्याने देणारा स्वतःहून हे सांगत नाही, विचारून घ्या.

उंचीचा घोळ

दोन वेगवेगळ्या दिवशी तीन-तीन तास बसून बेसचे सहनिर्देशांक कॉर्सवरून घेतले. दोन्ही दिवसांत आडवा फरक ६ मिमी आला. आडव्या मापाची काळजी तिथे मिटली. कोकण किनाऱ्याचं एक भाग्य आहे. आपण यूटीएमच्या, म्हणजे नकाशाच्या जागतिक पट्ट्यांच्या पद्धतीच्या, ४३ व्या झोनमध्ये येतो आणि त्याची मधली रेषा ७५ अंश रेखांशावर. त्या रेषेजवळ, म्हणजे अहिल्यानगरच्या बाजूला, नकाशावरचा किलोमीटर जमिनीवरच्यापेक्षा जवळपास ४० सेंमीने आखूड भरतो. रत्नागिरी त्या रेषेपासून १८० किलोमीटरवर आहे आणि बरोबर तिथेच हा फरक शून्यावर येतो. रस्त्याच्या कामात देशावर मी यापायी हैराण झाले होते. इथे टेप आणि उपग्रह एकच बोलत होते.

उंचीचं तसं नाही. खाडीच्या काठावर पाय भिजवून उभी होते आणि यंत्र उंची उणे साठ मीटरच्याही खाली दाखवत होतं. घाबरू नका. उपग्रह उंची मोजतो ती पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून आणि आपल्याकडे समुद्राची सरासरी पातळी त्या गोळ्याच्या बरीच खाली आहे. म्हणून स्थानिक बेंचमार्कशी, म्हणजे उंची माहीत असलेल्या खुणेशी, जोडणी करावीच लागते. जुन्या धक्क्यावरच्या टीबीएमपासून, म्हणजे तात्पुरत्या बेंचमार्कपासून, ऑटो लेव्हलने चार ठिकाणी लेव्हल नेली, तिथेच रोव्हरची उंची घेतली आणि त्या चार बिंदूंवरून उंची बसवली.

खरा घोळ कागदावर होता. जेट्टीचे नकाशे आणि खोलीचा सर्व्हे चार्ट डेटमवर, म्हणजे सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासच्या पातळीवर, आणि माती तपासणीचे बोअर लॉग समुद्राच्या सरासरी पातळीवर. मुंबईत अपोलो बंदराला या दोहोंत २.५१ मीटरचा फरक आहे. आमच्या खाडीत तो सुमारे सव्वा मीटर. एका नकाशावर कुणीतरी बोअर लॉगचे आकडे तसेच उचलून चार्ट डेटम म्हणून टाकले होते. त्यामुळे खडक सव्वा मीटर खाली दिसत होता. लायनरच्या लांबीची ऑर्डर त्यावरूनच जाणार होती. मी पत्र लिहून लेखी उत्तर मागितलं. सतरा दिवसांनी आलं, पण आलं. डेटम कोणता हे तोंडी कधीच स्वीकारू नका, कितीही घाई असली तरी.

बार्जवर

नोव्हेंबरच्या शेवटी बार्ज आला. त्याच्या एका कडेला गाईड फ्रेम, म्हणजे लायनर ज्यात धरून उभा करतात ती चौकट. कल्पना अशी : बार्जवर दोन अँटेना लावायच्या, दोन्हींची जागा सेंटीमीटरमध्ये कळली की बार्ज कुठे आहे आणि त्याचं तोंड कुठे आहे ते कळतं, आणि त्यावरून चौकटीचा मध्य कुठे आला ते टॅब्लेटवर सतत दिसतं. क्रेन आणि बूम आकाश झाकू नयेत म्हणून अँटेना चार मीटर उंच खांबांवर लावल्या, एक पुढे आणि एक मागे.

आता अँटेनापासून चौकटीच्या मध्यापर्यंतचं नेमकं अंतर मोजायचं होतं. त्यासाठी टोटल स्टेशन डेकवर लावलं आणि यंत्र काही केल्या मापच देईना, सारखी झुकावाची सूचना दाखवत राहिलं. पाऊण तास मी बबल जुळवत होते. मग लक्षात आलं : डेक स्वतःच हलतोय, यंत्र खऱ्या ओळंब्याला चिकटायला बघतंय. कंपेन्सेटर, म्हणजे झुकाव आपोआप सावरणारा भाग, बंद करायचा आणि बार्जला स्थिर जमीन मानून त्याच्याच अक्षांत मोजायचं. पाच मिनिटांत काम झालं. पुस्तकात हे असेलही, मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला लायनर ९ डिसेंबरला. भांगाचं पाणी मुद्दाम निवडलं होतं, कारण ओढ कमी. बार्जचे तांडेल साठीच्या पुढचे, सगळा जन्म खाडीत गेलेला. ते पाण्याकडे बघून नांगराचे दोर ढिले-ताठ करत होते आणि मी टॅब्लेटवरचे आकडे ओरडून सांगत होते : पूर्वेला बारा सेंटीमीटर, आठ, चार. २ सेंमीवर आलं तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, “काय गो बाय, आता थांबू?” लायनर चौकटीत उतरला, गाळात आपल्या वजनानेच दीड मीटर गेला. मग व्हायब्रो. पहिल्या तीन मीटरमध्ये दर अर्ध्या मीटरला थांबून दोन बाजूंनी चुंबकी लेव्हल लावली, रोव्हरने लायनरच्या घेरावर तीन बिंदू घेतले आणि त्यावरून मध्य काढला. ३१ मिमी. डोळ्यांत पाणी आलं. बाजूला हेल्पर मुलगा होता, त्याने काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केली.

‘फिक्स’ आणि ‘फ्लोट’ हे दोन शब्द मात्र टीममधल्या प्रत्येकाला शिकवा, फक्त सर्व्हेअरला नव्हे. उपग्रहाच्या सिग्नलची एक लहर साधारण १९ सेंमी लांब असते. अशा नेमक्या किती लहरी मध्ये मावतात हे सॉफ्टवेअरला पक्कं कळलं की फिक्स, तेव्हा माप एक-दोन सेंटीमीटरवर. कळलं नाही तर फ्लोट, तेव्हा माप वीतभर चुकू शकतं आणि आकडा मात्र तितक्याच मिलिमीटरपर्यंत दिसतो. आम्ही नियम केला : फ्लोट दिसलं की क्रेनच्या उस्तादांना लाल झेंडी, हॅमर बंद.

पाचवा लायनर

१६ डिसेंबर, उधाणाचे दिवस. टॅब्लेटवर विचलन २२ मिमी, फिक्स पक्का. पाचवा म्हणून किनाऱ्यावरून टोटल स्टेशनची तपासणी. सहकाऱ्याने लायनरची डावी कड, उजवी कड बघून मधला कोन काढला, अंतरात अर्धा व्यास, म्हणजे ५०० मिमी, मिळवले आणि फोनवर सांगितलं : ११० मिमी. मी म्हटलं, पुन्हा बघ. पुन्हा तेच. लायनर तेव्हा गाळात दोन मीटर होता. मी हॅमर थांबवला. साहेबांना फोन केला आणि सांगितलं की कुठलं यंत्र खरं ते मला आत्ता माहीत नाही. हे वाक्य उच्चारणं या सहा महिन्यांतलं सगळ्यात अवघड काम होतं.

कारण शोधायला अडीच तास गेले. बेस तपासला, ठीक. खांब हलला का पाहिलं, नाही. शेवटी उस्तादांनी बूम आत घेतली आणि टॅब्लेटवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत सरकला. क्रेन लायनर धरून कडेला झुकते तेव्हा बार्जही त्या कडेला कलतो. कल मोजला, १.३ अंश. अँटेना चौकटीपेक्षा चार मीटर उंच. चार मीटरच्या खांबाचं टोक १.३ अंशांत ९१ मिमी सरकतं. आमच्या दोन अँटेना पुढे-मागे होत्या, त्यांना बार्जचा पुढचा-मागचा झुकाव कळत होता, कडेचा कल कळतच नव्हता. पहिल्या चार लायनरना हे का दिसलं नाही? ते जवळच्या बाजूचे होते, बूम फार बाहेर काढावी लागली नव्हती. मी त्या चारांचे मध्य रोव्हरने थेट लायनरवर घेतले होते, म्हणून ते खरोखर बरोबर होते. पाचव्याला घाईत मी फक्त टॅब्लेटवर विसंबले होते.

लायनर दोन मीटरच आत होता म्हणून वाचलो. उपसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवला. दोन अक्षांचा झुकाव मोजणारा सेन्सर ३५ हजारांना घेतला, तो जोडायला आणि सॉफ्टवेअरमध्ये बसवायला चार दिवस लागले. तिसरी अँटेना लावली असती तरी चाललं असतं. तुम्ही सुरुवातीलाच यातलं एक मागा. आणि चौकटीचा आकडा म्हणजे लायनर नव्हे. लायनरला हात लावून घेतलेलं मापच नोंदवा.

पाणी चढतं त्याचं काय

लायनर किती खाली गेला हे बघायला त्याच्यावर दर २५ सेंमीला रंगाच्या रेघा असतात आणि पारंपरिक पद्धत म्हणजे डेकच्या पातळीला कोणती रेघ आली ते वाचायचं. पण डेक भरतीबरोबर वर जातो. आमच्याकडे उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं आणि मधल्या तासांत ताशी अर्ध्या मीटरच्या आसपास. चाळीस मिनिटं हॅमर चालला तर डेक तीसेक सेंमी वर गेलेला असतो. म्हणजे लायनर जागचा हलला नाही तरी रेघ तेवढी खाली गेलेली दिसते आणि तो अजून उतरतोय असं वाटतं. आम्ही प्रत्येक वाचनाबरोबर डेकची उपग्रहावरून आलेली उंची लिहिली आणि वजाबाकी केली. लायनर खडकाला टेकल्याचं यावरून स्वच्छ दिसलं : पाच मिनिटांत २ सेंमीसुद्धा नाही. इन्स्पेक्शनला येणाऱ्या इंजिनियर साहेबांना हा तक्ता इतका आवडला की नंतर आरएफआयबरोबर, म्हणजे तपासणीच्या विनंतीपत्राबरोबर, तोच मागायचे.

हॅमरखाली थेट लायनरवर अँटेना बांधून खोली मोजायचा प्रयत्नही दोनदा केला. धक्क्यांनी आणि वरच्या लोखंडाने अर्धं आकाश झाकल्याने फिक्स टिकला नाही. सोडून दिला.

जानेवारी-फेब्रुवारी सुरळीत गेले, आठवड्याला तीन लायनर. मग ६ मार्चला संध्याकाळी साडेसातला फिक्स गेला आणि नऊ वाजेपर्यंत आलाच नाही. आकाश मोकळं, उपग्रह वीसच्या वर, रेडिओ ठीक. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग वाचून कळलं : विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात खळबळ होते, ती मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास जास्त असते, आणि २०२४-२५ हा तर सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातला भराचा काळ. उपाय काही नव्हता. शिमग्याची सुट्टी होऊन माणसं परतल्यावर पाळी बदलली, सूर्यास्तानंतर नवा लायनर उभा करायचा नाही. रात्री फक्त बोअरिंग आणि काँक्रीट.

शेवट

छत्तीसपैकी पस्तीस लायनर ७५ मिमीच्या आत आले. एक ९४ मिमीवर आहे, खाली मोठा दगड लागून सरकला. तो तसाच नकाशात दाखवला, सोबत कारणाची नोंद आणि त्या दिवसाचा डेटा. अ‍ॅज-बिल्ट (प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा) २ मे रोजी दिलं, १४ मे ला एक शेरा आला की उंची चार्ट डेटममध्येही लिहा, १९ मे ला मंजुरी. सर्व्हेचा एकूण खर्च यंत्रांचं भाडं, सेन्सर, प्रमाणपत्र आणि किरकोळ मिळून साडेतीन लाखांच्या आसपास गेला, पगार सोडून. बार्ज पावसाआधी ओढून नेला. तांडेल जाताना आंब्याची पेटी ठेवून गेले.

देवळाच्या आवारातला बेस उतरवला, पण खालच्या चौथऱ्यातला पितळी खिळा तसाच ठेवला आहे. त्याचे सहनिर्देशांक, दोन्ही डेटममधली उंची आणि मोजणीची तारीख एका पत्रावर लिहून ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसेवकांनी आवक नोंदवहीत नोंद करून पोच दिली आहे.